भाजी खाऊन झाली, आता जेव!

उपाशी न राहता वजन कमी करायचं मी आयुष्यात एकदाच ठरवलं, आणि दोन महिन्यांत माझं वजन चार किलोनं वाढलं.

यात माझी काही चूक नव्हती. (निदान ते दोन महिने मी हे सगळ्यांना ओरडून सांगत होतो. ओरडायला ताकद भरपूर होती, कारण खाणं भरपूर होतं.)

मी टेलर आहे. लाखांदूरच्या बाजारात माझं दुकान आहे आणि गेली तीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजतो. कोणाची कंबर दर दिवाळीला किती वाढते हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. पण मी बोलून दाखवत नाही. "मास्तर, मागचंच माप धरा" म्हणणाऱ्याला मी "हो जी" म्हणतो आणि गुपचूप दोन इंच वाढवतो. ही धंद्यातली सभ्यता आहे. स्वतःच्या कमरेशी तर मी इतका सभ्य वागलो की दहा वर्षांत तिला टेपच लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी होती. शाळेतल्या एका गुरुजींच्या पँटच्या पायाची मोहरी मोजायला मी खाली वाकलो आणि मागून आवाज आला. टर्रर्र!

"मास्तर, कापड फाडलं का काय कोणाचं?" गुरुजींनी विचारलं.

"नाही जी. नवीन थान फाडून राहिलो," मी वाकल्या वाकल्याच म्हणालो.

थान, म्हणजे कापडाचा ताग, कपाटात होतं. कात्री टेबलावर होती. माझे दोन्ही हात गुरुजींच्या घोट्याशी होते. सगळ्यांनी हे पाहिलं. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून मापं घेतली. गिऱ्हाइकांनीच माझ्यासमोर गोल फिरायचं!

घरी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती पँट उजेडात धरली. सुनंदा अंगणवाडीत सेविका आहे. गावातल्या सगळ्या लेकरांची वजनं तिच्या रजिस्टरात असतात.

"अजी, हा पँट तुमीच शिवला ना?"

"हो."

"मंग मले सांगा, शिवण कच्ची होती का पोट पक्कं झालं?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यात नेलं. आमची डॉक्टरीण तरुण आहे आणि गावातलीच आहे. पहिलीत असताना तिच्या गणवेशाचं माप मीच घेतलं होतं. स्टुलावर उभी राहून ती रडत होती म्हणून मी तिला गोळी दिली होती. आता ती मला गोळ्या द्यायची धमकी देत होती!

"काका, वजन चौऱ्याऐंशी. साखर काठावर आली आहे."

"काठावर म्हणजे अजून पडली तर नाही ना?"

"नाही. पण धक्का द्यायला तुम्हीच मागे उभे आहात."

"मग काय, उपाशी मरू?"

"अजिबात नाही. पोट भरून जेवा." तिनं कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या मधोमध रेघ मारली. "हे ताट. अर्ध्या ताटात भाज्या. उरलेल्या अर्ध्यात एकीकडे वरण, अंडं नाहीतर मच्छी. आणि हा चौथा हिस्सा आहे ना, इथं भात."

चौथा हिस्सा! भाताला! ही मुलगी रोज दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं असलेल्या रस्त्यानं येते. जिथं पाहुणा आला की "जेवता का" असं न विचारता "भात मांडू का" असं विचारतात, त्या भंडारा जिल्ह्यात बसून ती मला सांगत होती की भातानं कोपऱ्यात बसावं. मला इतका राग आला की तिचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही. सुनंदानं मात्र अक्षर न् अक्षर ऐकलं. मला फक्त 'पोट भरून जेवा' एवढं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सुनंदा पाचला उठू लागली. साडेनऊला ताट समोर यायचं, अगदी त्या कागदावरच्या गोलासारखं. चण्याची डाळ घालून लौकी म्हणजे दुधी, वाटाणे घालून गोबी, अंडं फोडून घातलेला पालक, वांग्याचं भरीत, भेदऱ्याचं म्हणजे टमाटरचं सार, आणि एका कोपऱ्यात लाजून बसलेला भात. खरं सांगायचं तर पोट भरायचं. पण ते मान्य करणं हा माझा अपमान होता.

त्यात लौकीवर माझा विशेष राग. वांग्याला स्वभाव असतो. कारल्यालाही असतो, वाईट का होईना. लौकी कोणाशी भांडत नाही, कोणाची बाजू घेत नाही, पाण्यात टाकली की पाणी होते. असल्या भाजीवर रागवायचं तरी कसं? मी रागवायचो!

"हे काय खाणं हाये? हे तर ढोराची वैरण हाये!"

"ढोरं दिवसभर काम करतात जी," सुनंदा तिच्या ताटातला घास घेत म्हणायची. (तिचं ताट अगदी माझ्यासारखंच. 'तुमी एकटेच नाही खात' असं दाखवायला.) "तुमी बसून राहता. खा मुकाट्यानं."

मी मुकाट्यानं खायचो. ती पावणेदहाला अंगणवाडीत जायची. मग माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, स्वयंपाकघराच्या दारात यायची. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी, पण तिनं वाढलेला भात दोन माणसांनी उचलावा.

"झालं?" ती विचारायची.

"झालं."

"भाजी खाऊन झाली. आता जेव!"

आणि ताटात डोंगर उतरायचा. गरम भात, त्यावर वरण, बाजूला लोणचं. मायच्या हिशोबानं आधी झालं ते जेवण नव्हतंच, नुसतं तोंडी लावणं होतं. त्याचा भात राहिला होता. हे मला एकदम पटलं! डॉक्टरीण म्हणाली होती भाज्या वाढवा. मी वाढवल्या होत्या. भातात काही बदल करायचं मी कुठं कबूल केलं होतं?

आता मायची बाजूही सांगायला पाहिजे. तिला मी साखरेचं काही सांगितलंच नव्हतं. "डॉक्टरीण म्हणते, पोट भरून जेव," एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त अर्धं होतं.

दुपारी दुकानात भूक लागायचीच. (सवय! दोनदा जेवणाऱ्याला तिसऱ्यांदा लागतेच.) समोरच्या हॉटेलात मी पूर्वी आलूबोंडा खायचो. तो बंद केला, कारण मी शिस्तीचा माणूस. त्याऐवजी पालकाचे भजे सुरू केले. डॉक्टरीण 'भाजी' म्हणाली होती, मी 'भजे' खाल्ले. आत पालकच होता! कधी कांद्याचे, कधी मिरचीचे, कधी गोबीचे. सगळ्या भाज्याच! आलूचे भजेही खाल्ले, कारण आलूला कोणी फळ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एवढा त्याग करूनही पँट घट्टच होऊ लागली. आणि माझा राग वाढू लागला. तो घरी सुनंदावर निघायचा, दुकानात गिऱ्हाइकांवर. एक दिवस तेच गुरुजी आले. मी टेप लावला.

"छत्तीस धरा मास्तर. दर वर्षीचंच."

"छत्तीस?" मी उसळलो. "अडतीस हाये ही! साडेअडतीस! कायले खोटं बोलून राहिले गुरुजी? लेकरांले हेच शिकवता का शाळेत?"

तीस वर्षांची सभ्यता मी एका मिनिटात मातीत घातली. गुरुजी कापड घेऊन निघून गेले. दारातून फक्त एवढं म्हणाले, "मास्तर, तुमचं ते थान शिवून झालं का?"

दोन महिने झाले तेव्हा मी ठरवलं की आता वजन करायचं आणि आकडा सुनंदाच्या तोंडावर फेकायचा. दुकानाच्या मागे राइस मिल आहे. तिथं पोत्यांचा मोठा काटा आहे. हंगामाचे दिवस, नवीन धान आलेलं, मिलच्या अंगणात पंधरा-वीस शेतकरी आणि पोत्यांची रांग. मिलवाले गुणवंतभाऊ माझे जुने गिऱ्हाईक. मी दोन पोत्यांच्या मधून वाट काढत काट्यावर चढलो.

गुणवंतभाऊ आकडा मोठ्यानं सांगायच्या सवयीचे. "अठ्ठ्याऐंशीईई!" ते ओरडले. "उतरवा, पुढचं पोतं घ्या!"

मी उतरलो नाही.

"भाऊ, काटा खराब हाये तुमचा."

"काहून?"

"चौऱ्याऐंशी होतो मी. दोन महिने नुसत्या भाज्या खाऊन राहिलो. चार किलो जास्त दाखवते हा काटा!"

गुणवंतभाऊंचा चेहरा एकदम उतरला. सकाळपासून याच काट्यावर त्यांनी शेकडो पोती विकत घेतली होती. प्रत्येक पोत्यामागे काटा जास्त दाखवत असेल तर? त्यांनी हात वर केला. "थांबा! वजनं बंद करा! पहिले काटा तपासू!"

मला वाटलं होतं, शेतकरी माझ्या बाजूनं उभे राहतील. वजनकाट्याविरुद्ध बोलणाऱ्याला आजवर कोणत्या शेतकऱ्यानं विरोध केलाय? पण काटा जास्त दाखवत असेल तर फायदा कोणाचा, हे त्या सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"काटा एकदम बरोबर हाये जी!" एक जण ओरडला.

"टेलर मास्तर, तुमची शिलाई मशीन पाहा ना! धानाचं तुमाले काय समजते?"

"सकाळपासून रांगेत हावो आमी! उतरा खाली!"

"नाही उतरत!" मीही पेटलो. "खोटा काटा हाये! मी जिवंत पुरावा हाये!"

पंधरा-वीस माणसं एकदम बोलत होती. कोणी माझा हात धरून खाली ओढत होता, गुणवंतभाऊ दुसरा हात धरून "नाही, त्याले राहू द्या, तो साक्षीदार हाये" म्हणून वर ओढत होते. काटा मध्येच ऐंशी दाखवायचा, मध्येच शंभर. शेवटी आतून वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आली. मला उतरवून ती काट्यावर मांडली. एक. दोन. तीन. चार. सगळं अंगण आकड्याकडे पाहत होतं.

ऐंशी. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

मागच्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचा शेला सोडून पुन्हा बांधला आणि शांतपणे म्हणाला, "काटा बरोबर हाये मास्तर. तुमीच जास्त हाव."

त्या हशातून मी जो निघालो तो सरळ अंगणवाडीत. सुनंदाला म्हटलं, "चल! आत्ताच्या आत्ता चल! त्या डॉक्टरणीले विचारतो मी!" रस्ताभर ती "झालं काय?" विचारत होती आणि मी फक्त "अठ्ठ्याऐंशी!" एवढंच ओरडत होतो. लोक वळून पाहत होते.

दवाखान्यात गर्दी. मी नंबर न लावता पडदा बाजूला सारला.

"मॅडम, तुमच्या भाज्यांनी माझं वजन चार किलो वाढलं!"

बाहेरच्या बाकावरचे लोक वाकून आत पाहू लागले. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "बसा काका. काल सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा. सगळं."

"सांगतो ना! घाबरतो का मी?" मी पडदा उघडाच ठेवून खणखणीत आवाजात सुरू केलं. "सकाळी चहा, चार टोस्ट. मग सुनंदानं दिलं ते ताट. लौकी, पालक, वरण, एवढासा भात. कबूल? मग मायनं दिलेलं जेवण."

"म्हणजे?" सुनंदा म्हणाली.

पण मी आता वेगात होतो. "मायचं जेवण म्हणजे भात-वरण. दोनदा घेतला फक्त, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. दुपारी पालकाचे भजे, एक प्लेट. मग गोबीचे आले, गरम होते, म्हणून अर्धी. चहा. संध्याकाळी एक गिऱ्हाईक लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, वडे घेऊन आलं, त्याचं मन नाही मोडलं. रात्री पुन्हा ते ताट. झालं! यात भाजी नाही असं एक तरी काही सांगा!"

बाहेरून एका बाईचा आवाज आला, "वो माय! हा माणूस तर तीनदा जेवला न् मधात दोनदा!"

डॉक्टरणीनं सुनंदाला म्हटलं, "काकू, तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहा." सुनंदा उभी राहिली. डॉक्टरणीनं आकडा पाहिला, मागच्या वेळी सुनंदाचंही वजन लिहिलेला जुना कागद पाहिला. "सहा किलो कमी झालंय तुमचं. काय केलंत?"

"काही नाही. यांच्यासोबत जेवली," सुनंदा म्हणाली. आणि मग ती माझ्याकडे वळली.

मी तिचा राग पाहिलेला आहे. चोवीस वर्षांचा संसार आहे. पण असा नव्हता पाहिला. ती ओरडली नाही, उलट तिचा आवाज खाली आला.

"दोन महिने पाचला उठून राहिली मी. तुमच्या मागं लागून राहिली, शिव्या खाऊन राहिली. कायच्यासाठी? तुमच्या बाबाले विसरले का तुमी?"

नव्हतो विसरलो. बाबाही टेलरच होते, आणि साखरेनं त्यांचे डोळे नेले. शेवटची दोन वर्षं ते दुकानात येऊन नुसते बसायचे. एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा, आणि दोन्हींमध्ये वीतभर अंतर. मी मागून जाऊन दोरा ओवून द्यायचो. मग ते म्हणायचे, "आज एका झटक्यात गेला बघ," आणि मी म्हणायचो, "हो बाबा." मायला साखरेचं सांगितलं नव्हतं ते यासाठीच. आणि खरं तर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. रागावलं की घाबरायला वेळ मिळत नाही. म्हणून दोन महिने मी लौकीवर ओरडत होतो.

"चला घरी," सुनंदा म्हणाली.

घरी माय तांदूळ निवडत होती. सुनंदानं तोंड उघडायच्या आधीच मी बोललो. सगळं सांगितलं, साखर, काठ, चौथा हिस्सा. मायचा हात सुपातच थांबला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू घाबरली असती."

"घाबरली असती?" सूप आदळलं, तांदूळ अंगणभर झाले. "तुह्या बापाले हात धरून संडासले नेत होती मी! अन् तू मायाच हातानं भात खाऊन राहिला रोज! मायाच हातानं, परलाद!" माझ्या नावानं ओरडत तिनं हाताला लागेल ते फेकलं. सुदैवानं तो पत्ताकोबीचा गड्डा होता. दुर्दैवानं नेम चांगला होता.

त्या दिवसापासून घराचा कारभार मायनं हातात घेतला आणि मला सुनंदाचं राज्य किती दयाळू होतं ते कळलं. भाताचा गंज, म्हणजे पातेलं, मायच्या मांडीशी. वाटी तिची, मोजणारी ती. बाकी ताट भाज्यांनी इतकं भरायची की उठता येऊ नये. लाखोरीचा कोवळा पाला, वाळवलेला तरोटा (टाकळा), चवळीसारख्या बरबटीच्या शेंगा, वालासारखे पोपटीचे दाणे, पातूर म्हणजे अळू, तेही थेंबभर तेलात! मी एकदा विचारलं, "माय, हे सगळं तुले कसं येते?"

"कसं येते म्हणजे? धान निघाच्या आधीच्या दिवसात आमी हेच खात होतो. भाजी परातभर, भात मूठभर. तवा त्याले गरिबी म्हणत. आता डॉक्टर गोल काढून सांगते!" आणि तिनं रागानं अजून एक पळी वाढली. मी मुकाट्यानं खाल्ली. तिच्यासमोर 'ढोराची वैरण' म्हणायची माझी छाती नव्हती.

होळीपर्यंत मी अठ्ठ्याहत्तरवर आलो. साखर काठावरून मागे सरकली. डॉक्टरणीनं कौतुक केलं. गुरुजींची मी माफी मागितली आणि त्यांची पँट छत्तीस म्हणून साडेअडतीस शिवून दिली. सगळं छान झालं, फक्त एक राहिलं. राग काही कमी होईना. कैची सापडली नाही की ओरड, लाइट गेली की ओरड, कोणी "मास्तर, बारीक झाले" म्हटलं की "मग आधी काय होतो?" म्हणून ओरड. शेवटी सुनंदा आणि माय, माझ्या नकळत, दोघी मिळून दवाखान्यात गेल्या. "वजन उतरलं, पण माणूस घरात ठेवण्यासारखा राहिला नाही. यावर काही हाये का?" असं त्यांनी विचारलं म्हणे.

डॉक्टरणीनं तपासून पाहिलेले कागद पुन्हा पाहिले, विचार केला आणि लिहून दिलं.

आता रोज दुपारी साडेबाराला दुकानात डबा येतो. त्यात एक छोटी वाटी भात जास्तीचा असतो. औषध म्हणून. डबा सुनंदा स्वतः घेऊन येते, मी शेवटचं शीत खाईपर्यंत समोर बसते, आणि मग बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांना सांगते, "या जी आता. चावत नाहीत."